अस्सल, जुनं की मूळ? सारिनेनचं ट्युलिप टेबल आणि त्यावरचा उपरा टॉप

नोव्हीकर (धागाकर्ता)

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

मागच्या आठवड्यात अमेरिकेत, आमच्या मिशिगनमधल्या ब्लूमफील्ड हिल्समध्ये एका जुन्या घरी एस्टेट सेल होता. भारतातल्या वाचकांसाठी सांगतो: घरातलं वयस्कर माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलं की इथे अख्खं घर, चमच्यांपासून गालिच्यांपर्यंत, दोन-तीन दिवस विक्रीला काढतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा परक्याच्या माजघरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं होतं. आता सरावलो. मी गेलो होतो पान्यांच्या सेटसाठी. तो कुणीतरी आधीच उचलला होता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मात्र एक गोल, एकपायी, पांढरं टेबल उभं होतं आणि त्यावर चिठ्ठी: 'सारिनेन, नोल कंपनी, १९५७, ओरिजिनल. ४५० डॉलर.'

सारिनेन हे नाव मला ओळखीचं, कारण वॉरनच्या जीएम (जनरल मोटर्स) टेक सेंटरमध्ये मी तीन वर्षं कंत्राटावर काढली आहेत. तो सगळा परिसर वास्तुकार एरो सारिनेनचाच. तळ्याकाठी बसून डबा खाताना त्या माणसाबद्दल थोडं वाचलं होतं. रविवारी दुपारी पुन्हा गेलो तर भाव निम्म्यावर. २२५ डॉलरला घेऊन आलो.

आता घरी आणल्यावर शंका यायला लागल्या आहेत. बेस धोतऱ्याचं फूल उपडं ठेवावं तसा, खाली पसरट, मधे निमुळता. रंग पांढऱ्याचा हस्तिदंती झालाय आणि दोन ठिकाणी टवके उडालेत. टॉप मात्र पांढराशुभ्र, सनमायका लावलेला, ५४ इंच व्यासाचा, कडेला जाड गोल पट्टी. दोघांकडे एकत्र पाहिलं की आजोबांच्या धोतरावर नातवाचा टीशर्ट घातल्यासारखं दिसतं. सौ. म्हणाली, "वरचं आणि खालचं एकमेकांचं कुणी लागत नाही." लेबल कुठेही नाही.

हे खरं आहे का? टॉप बदललेला असेल तर काय करावं?

अवलिया

चारऐवजी एकच पाय, म्हणजे ७५ टक्के सूट मिळायला हवी होती. तुम्हाला ५० टक्केच मिळाली. फसलात.

सुतारपक्षी

अवलिया, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). :)

नोव्हीकर, शिकागोजवळ राहतो, शनिवार-रविवार जुनं फर्निचर दुरुस्त करायचा नाद आहे, त्या भरवशावर लिहितो. सगळ्यात आधी एक काम करा. टेबल उलटं करा. खाली जुनी चादर अंथरा, दोघं मिळून उलटा. टेबलाचा वरचा भाग गिऱ्हाइकासाठी असतो, खरं काय ते खालून दिसतं. फोटो टाकणारे शंभरातले नव्वद लोक टेबलाचा चेहरा दाखवतात आणि पोट दाखवत नाहीत.

थोडा इतिहास, कारण ओळख पटवायला तो लागतो. सारिनेनने ही पेडेस्टल, म्हणजे एकपायी, मालिका (लोक तिला ट्युलिप म्हणतात) पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर केली आणि नोलने ती १९५७ च्या सुमारास बाजारात आणली. टेबल-खुर्च्यांच्या खाली पायांची जी झोपडपट्टी होते ती त्याला साफ करायची होती. हा शब्द त्याचाच. आधी छोटी मॉडेल्स केली, मग पूर्ण आकाराची करून स्वतःच्या घरी वापरून पाहिली. खरं तर त्याला खुर्ची एकाच पदार्थाची हवी होती, नखशिखांत प्लॅस्टिकची, पण तेव्हाच्या प्लॅस्टिकला तो भार पेलवेना. म्हणून बसायचं कवच फायबरग्लासचं आणि पाय ॲल्युमिनियमचा, दोन्हींना एकच रंग. ही तडजोड त्याला शेवटपर्यंत खुपली. १९६१ मध्ये तो ॲन आर्बरला गेला, तेव्हा जेमतेम ५१ वर्षांचा होता.

आता तुमच्या टेबलाकडे. नोलची कागदी लेबलं बहुधा टॉपच्या खालच्या बाजूला चिकटवलेली असत. त्यावर पत्ता छापलेला असे, आणि त्या पत्त्यावरून काळ कळतो: '५७५ मॅडिसन अव्हेन्यू' दिसलं तर पन्नाशीचं दशक, '३२० पार्क अव्हेन्यू' दिसलं तर साठीचं. गंमत अशी की टॉप बदलला की लेबलही त्याच्याबरोबर कचऱ्यात जातं. म्हणून लेबल नाही एवढ्यावरून टेबल खोटं ठरत नाही. उलट्या बाजूने, खऱ्या लेबलाचा टॉप नकली बेसवर बसवलेलाही मी पाहिलाय. विकणारा लेबलाचा फोटो अगदी हौसेने दाखवत होता.

अजून एक. बेसवर सारिनेनची सही आणि नोलस्टुडिओचा शिक्का असेल तर ते टेबल अस्सल, पण अलीकडचं. पन्नास-साठच्या दशकात सह्या वगैरे नव्हत्या. 'सही असलेलं १९५८ चं टेबल' अशी जाहिरात दिसली की पुढे वाचू नका.

तुमच्या टॉपची जाड गोल कड मला मुळीच पटलेली नाही. सारिनेनच्या टॉपची कड खालून तिरकी तासलेली असते, त्यामुळे समोरून पाहिलं की टॉप पापडासारखा पातळ दिसतो. संगमरवर असो, अक्रोडाचं व्हेनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) असो की लॅमिनेट (सनमायका), ही तिरकी धार सगळ्यांना. जाड पट्टी लावली की सगळी ऐट जाते.

फौंड्रीवाला

सुतारपक्षींनी वरचं सांगितलं, खालचं मी सांगतो. कोल्हापुरात शिरोलीला २२ वर्षं कास्टिंगमध्ये काढली. ट्युलिप टेबल मी आयुष्यात पाहिलेलं नाही, पण ओतीव लोखंड ओळखायला टेबल पाहावं लागत नाही.

फ्रिजवरचं मॅग्नेट काढा आणि बेसला लावा. चिकटलं तर लोखंडाच्या जातीचं, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम. पण इथं थांबू नका भावा. स्वस्तातली नक्कल पत्र्याची असली तरी मॅग्नेट चिकटणारच. म्हणून बेस आडवा करा आणि आत हात घाला. ओतीव असेल तर आतला भाग खरबरीत, वाळूच्या साच्याचा पोत हाताला लागतो, जाडी कुठं कमी कुठं जास्त. पत्रा असेल तर आतबाहेर सारखाच गुळगुळीत आणि सगळीकडं एकाच जाडीचा. कुठं आकडे-अक्षरं उठून आलीत का तेही चाचपा. आणि बोटाच्या पेरानं वाजवून बघा. पत्रा डब्यासारखा वाजतो, ओतीव लोखंड दगडासारखं ठक्क करतं.

टवके उडालेत म्हणता तिथं बघा. लोखंड असेल तर तांबूस गंज, ॲल्युमिनियम असेल तर पांढरी भुकटी. वजनातही फसगत होत नाही. लोखंडाची घनता ७.२, ॲल्युमिनियमची २.७. त्याच आकाराला अडीच पटीहून जास्त फरक.

सुतारपक्षी, ह्या कंपनीनं नेमकं काय वापरलं होतं?

सुतारपक्षी

दोन्ही. सुरुवातीचे डायनिंग टेबलांचे बेस ओतीव लोखंडाचे, नंतर ओतीव ॲल्युमिनियम आलं. आजही ॲल्युमिनियमच आहे, वर रिल्सान नावाच्या प्लॅस्टिकचा थर. म्हणून 'मॅग्नेट चिकटत नाही, म्हणजे नकली' हे साफ चूक. मॅग्नेट चिकटलं आणि आत कास्टिंग दिसलं तर जुनेपणाच्या बाजूने एक चांगला पुरावा, एवढंच.

आणि एक ताकीद राहिली. तो हस्तिदंती रंग घासायला सॅंडपेपर घेऊन बसू नका. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये. त्याआधीच्या रंगाची भुकटी घरात उडवायची नाही, त्यातून घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. आधी शिशाची तपासणी करून घ्या.

अवलिया

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मॅग्नेटचं काय झालं?

नोव्हीकर

झालं उलटं. शेजारच्या देशपांडेकाकांना बोलावलं. काका म्हणाले, "एवढ्यासाठी बोलावलंस? मला वाटलं जेवायला." त्यांना जेवूही घातलं.

मॅग्नेट चटकन चिकटलं. आतून बेस खरबरीत आहे, एका बाजूला उठावदार अक्षरं आहेत पण रंगाच्या थराखाली वाचता येत नाहीत. टवक्यात तांबूस गंज. फौंड्रीवाला, ठक्कच वाजलं! न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर नुसता बेस साधारण २५ किलो भरला.

टॉपची कथा वेगळी. खालच्या बाजूला भुरकट, गुळगुळीत, पुठ्ठ्यासारखा बोर्ड आहे, लाकडाच्या रेषा नाहीत. बेसच्या डोक्यावर धातूची प्लेट आहे आणि ती टॉपला सहा स्क्रूंनी जोडली आहे. स्क्रू काळे, चकचकीत, नवे. प्लेटमध्ये मात्र जास्त भोकं आहेत, आणि मोकळ्या भोकांच्या कडा आतून झिजलेल्या दिसतात.

सुतारपक्षी

उत्तर तुम्हीच दिलंत. तो भुरकट बोर्ड म्हणजे एमडीएफ, लाकडाचे तंतू दाबून केलेला. एमडीएफचा पहिला व्यापारी कारखाना न्यूयॉर्क राज्यात डिपॉझिट नावाच्या गावी १९६६ मध्ये सुरू झाला. म्हणजे हा टॉप १९५७ चा असणं शक्यच नाही. काळे स्क्रू जिप्सम बोर्डाचे, कुणीतरी हौशी माणसाने गॅरेजमध्ये बसवलेले. प्लेटमधली झिजलेली भोकं जुन्या टॉपची.

माझा अंदाज: बेस अस्सल आणि जुना, बहुधा साठच्या दशकातला. टॉप उपरा. आणि चिठ्ठीवरचं '१९५७' म्हणजे गूगलवर पहिलं दिसलेलं साल. असल्या चिठ्ठ्यांवर सगळी टेबलं एकाच वर्षी जन्मतात.

अवलिया

मग ओरिजिनल की डुप्लिकेट? एका शब्दात सांगा.

मृण्मयी_लंडन

एका शब्दात होणार नाही, कारण मराठीत तीन शब्द आहेत आणि 'ओरिजिनल' म्हणताना आपण तिन्हींचा काला करतो. अस्सल म्हणजे हक्क असलेल्या कंपनीने केलेलं. जुनं म्हणजे त्या काळातलं. आणि मूळ म्हणजे पहिल्या दिवसापासून जे जिथे होतं तेच तिथे असलेलं. नोलच्या दुकानातून आज घेतलेलं टेबल अस्सल आहे, जुनं नाही. साठ साली कुण्या भलत्याने केलेली नक्कल जुनी आहे, अस्सल नाही. नोव्हीकरांचा बेस अस्सलही आहे आणि जुनाही, पण टेबल म्हणून पाहिलं तर ते मूळ राहिलेलं नाही.

आमच्याकडे पैठणीचं असंच होतं. अंग विरलं की काठ-पदर काढून नव्या कापडावर बसवतात. आजीचा पदर म्हणून मी तो अभिमानाने मिरवते. पण कुणी ती साडी 'शंभर वर्षांची पैठणी' म्हणून विकायला काढली तर मी भांडेन.

जाता जाता इथली गोष्ट. २०१६ पर्यंत ब्रिटनमध्ये कारखान्यात घाऊक बनणाऱ्या अशा वस्तूंना २५ वर्षांचंच कॉपीराइट संरक्षण होतं, त्यामुळे सगळ्या प्रसिद्ध खुर्च्या-टेबलांच्या नकला उघड विकल्या जायच्या. ते कलम काढल्यावर कलाकृती ठरणाऱ्या वस्तूंना निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं लागू झाली. म्हणून इथल्या सेकंडहँड बाजारात त्याआधीच्या नकला आजही ढिगाने आहेत आणि आता त्या 'व्हिंटेज' म्हणून येतात. दहा-पंधरा वर्षांची झीज त्यांनाही छान शोभते.

फौंड्रीवाला

पैठणीवाला मुद्दा +१. आमच्याकडं ट्रॅक्टरचं पण तसंच. इंजिन बदललं, चासी तीच.

सुतारपक्षी

+१. त्यात एक चौथा प्रकार जोडतो: त्याच काळातली स्पर्धकाची वस्तू. डॅलसच्या बर्क कंपनीने साठच्या दशकात ट्युलिपसारखं दिसणारं फर्निचर काढलं. खाली पाहिलं की ओळखू येतं, बऱ्याच बर्क बेसना खाली चार पाकळ्यांचा पंख्यासारखा आकार असतो, नोलचा अखंड गोल. 'स्टार ट्रेक'च्या जुन्या मालिकेत यानाच्या ब्रिजवर (नियंत्रण कक्षात) ज्या खुर्च्या दिसतात आणि लोक छातीठोकपणे सारिनेनच्या म्हणून सांगतात, त्या बर्कच्याच. त्यांनाही आता गिऱ्हाईक आहे, पण बर्क म्हणून घ्यावं, बर्कचा भाव द्यावा.

गार्गी७

थोडं विषयांतर, पण टॉपचंच आहे. आमच्याकडे शिल्पकार नोगुचीचं कॉफी टेबल आहे, निदान विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं. वर काच, खाली दोन वळणदार लाकडं. लेकाने त्यावर डंबेल आदळलं आणि काचेचा कोपरा उडाला. नवी काच करून घेतली तर टेबलाची किंमत जाईल का? आणि मुळात ते खरं आहे हे कसं पाहू?

सुतारपक्षी

ताई, काच काढून बाजूला ठेवा. दोघांनी उचला, १९ मिलिमीटरची काच चौरस मीटरला ४७ किलोच्या वर भरते. आता खालची दोन लाकडं वेगळी करा, मधे फक्त एक खुंटी असते. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवा. तंतोतंत जुळले पाहिजेत. नोगुचीच्या टेबलात एकच आकार दोनदा वापरलाय, एक सुलटा आणि एक उलटा फिरवून. नक्कल करणारे इथेच घसरतात: एक तुकडा लठ्ठ, दुसरा रोड, किंवा वळणाऐवजी कोपर. जुळले नाहीत तर काचेचा विचार करूच नका, कुठलीही लावा.

जुळले तर काच मोजा. साधारण ५० इंच बाय ३६ इंच, आणि जमिनीपासून टेबलाची उंची पावणेसोळा इंच. हर्मन मिलर कंपनीने हे १९४७-४८ पासून बनवलं. सुरुवातीला काच सात-अष्टमांश इंच जाड होती, १९६५ मध्ये पाऊण इंच केली. १९७३ मध्ये टेबल बंद झालं आणि १९८४ मध्ये परत आलं. काच अर्ध्या इंचाची असेल तर एक तर ती आधीच कुणीतरी बदलली आहे किंवा टेबलच नकली. कड सपाट पॉलिश केलेली हवी. काचेच्या कडेवर नोगुचीची सही असेल तर सारिनेनसारखंच: अस्सल, पण अलीकडचं.

नवी काच करून घेताना आधी पुठ्ठ्याचा साचा काढा, फुटक्या काचेवरूनच. आणि टफन्ड काच हवी असेल तर सगळं कापणं-घासणं आधी उरकून मगच भट्टीत जाऊ द्या. टफन्ड झालेली काच नंतर कापता येत नाही, चुरा होतो.

किंमत उतरेल का? उतरेल, पण फुटक्या कोपऱ्याने जेवढी उतरलीय त्याहून कमी. फुटकी काचही टाकू नका. नवीन काच कधीची ते चिठ्ठीवर लिहून बेसच्या पोटाला चिकटवा.

मृण्मयी_लंडन

नोगुचीचं टेबल तर नकलेच्या रागातूनच जन्मलं आहे! त्याने एका डिझायनरला टेबलाचं छोटं मॉडेल करून दिलं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं तेव्हा हा आपणहून ॲरिझोनाच्या पोस्टन छावणीत गेला, आणि तिथे असताना त्याला जाहिरातीत आपल्याच टेबलाची आवृत्ती त्या डिझायनरच्या नावावर दिसली. जाब विचारला तर उत्तर मिळालं की तीन पायांचं टेबल कुणीही करू शकतं. मग चिडून याने स्वतःचं नवं टेबल केलं, डिझायनर जॉर्ज नेल्सनने ते आपल्या लेखात वापरलं आणि हर्मन मिलरने बनवायला घेतलं.

गार्गी७

तुकडे जुळले!! फक्त बुडाशी तीन मिलिमीटरचा फरक आहे, तो घासला गेल्यामुळे असावा. काच पाऊण इंच. सही नाही. लेकाचा जीव वाचला.

चिंचपोकळी_लोकल

मुंबईहून. इथे 'मिड-सेंच्युरी' (विसाव्या शतकाच्या मध्यावरची शैली) हा शब्द आता जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारातही ऐकू येतो. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर मी एकदा इराणी हॉटेलातलं टेबल घेतलं, ओतीव लोखंडाचे पाय आणि वर संगमरवर. दुकानदार (नाव नको) म्हणाला, "साहेब, ऐंशी वर्षं जुनं." पाय होते जुने. संगमरवर घरी आणून धुतला तर कडेचा पिवळेपणा बादलीत उतरला, चहाचं पाणी मारलेलं होतं. खरा डाग दगडात मुरलेला असतो, एका धुण्यात जात नाही. इराण्याकडे साठ-सत्तर वर्षं ज्या टेबलावर बशीतून चहा ओरपला गेला त्याची धार हाताला मऊ लागते, जिथे लोक कोपर टेकवतात तिथे जास्त, कोपऱ्यात कमी. माझ्या टेबलाची झीज चारी बाजूंनी सारखी होती. इतकं शिस्तीत कुणी चहा पितं का?

चंडीगढच्या जानरे (वास्तुकार पिएर जानरे) फर्निचरचंही तेच झालंय. पन्नास-साठच्या दशकात सरकारी कचेऱ्या आणि विद्यापीठासाठी केलेली सागवानी टेबलं-खुर्च्या, पुढे भंगारात लिलाव झाली, मग परदेशात लाखांनी विकली गेली. त्यांच्यावर खात्याची अक्षरं आणि नंबर रंगवलेले असत. आता नकलेवरही नंबर रंगवून मिळतात. रंग लाकडाच्या झिजलेल्या जागेवर चढला असेल तर समजायचं, आधी झीज केली आणि मग नंबर टाकला.

अवलिया

चिंचपोकळी, ते चहाच्या बादलीचं वाचून आमच्या घरचा चहा आठवला. असो. नोव्हीकर, टॉपचं काय करताय?

नोव्हीकर

तोच प्रश्न घेऊन आलोय. संगमरवर, लॅमिनेट की अक्रोड? सौ.ला संगमरवर हवाय. ओळखीचा एक ग्रॅनाइटवाला म्हणतो स्वयंपाकघराच्या ओट्यातला उरलेला दगड गोल कापून देतो, स्वस्तात. आणि एक घोळ. काल धाकटी टेबलाच्या कडेला लोंबकळली आणि पलीकडची बाजू उचलली गेली. मी होतो म्हणून बरं. एकपायी टेबलं अशीच असतात का?

फौंड्रीवाला

नाही. थांबा. बेसच्या खालच्या गोलाचा व्यास किती?

नोव्हीकर

२३ इंच, जवळपास.

सुतारपक्षी

इथेच गोम आहे, आणि मला आधी सुचायला हवं होतं. नोलचे गोल डायनिंग टॉप ३६, ४२, ४८, ५४ इंचांच्या आसपास येतात आणि मोठ्या टॉपला मोठा बेस असतो. २३ इंची बेसवर ५४ इंची टॉप म्हणजे चारी बाजूंनी पंधरा-साडेपंधरा इंच अधांतरी. ज्याने एमडीएफचा टॉप केला त्याला माणसं जास्त बसवायची होती, बाकी काही नाही. तुमच्या बेसवर मूळ टॉप माझ्या मते ४२ इंची असावा. सध्या टेबल वापरू नका, निदान धाकटी आसपास असताना.

ओट्याचा उरलेला दगड: नको. एक तर तो तीन सेंटीमीटर जाड असतो. दुसरं, कड अर्धगोल करून देतील, कारण त्यांच्या मशीनला तीच सवय. खालून तिरकी, लांबट धार काढायला वेळ आणि हात लागतो, शिवाय कडेला दगड पातळ झाला की टवका उडायची भीती. करून घ्यायचाच तर आधी एक फूटभर तुकड्यावर धार काढून दाखवा म्हणावं.

फौंड्रीवाला

वजनाचा हिशेब करून टाकतो. ५४ इंची, २ सेंटीमीटर जाड संगमरवर: ८० किलो. ४२ इंची: ४८ किलो. हेच ४२ इंची, २५ मिलिमीटर एमडीएफ: १७ किलो. जड टॉप म्हणजे टेबल स्थिर असं लोकांना वाटतं, पण वजन वर आणि पाय अरुंद असेल तर एकदा कललं की जास्तच जोरात खाली येतं.

मृण्मयी_लंडन

आणि संगमरवराबद्दल सौ.ना माझ्याकडून: आमसूल, चिंच, लिंबू. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की चकाकी खाल्ली जाते. तो डाग नव्हे, दगडच झिजलेला असतो, पुसून जात नाही. नोल आपल्या संगमरवरावर पारदर्शक पॉलिएस्टरचा थर देते तो डागांसाठीच. ग्रॅनाइटवाल्याकडून आलेल्या उघड्या दगडावर सोलकढी सांडली की तुम्ही परत धागा काढाल. हळदीचं तर बोलतच नाही.

चिंचपोकळी_लोकल

संगमरवरच हवा तर मकराना मागवा, ताजमहालाचा! (गंमत करतोय. तिकडे पोचेपर्यंत जहाजाचं भाडं टेबलापेक्षा जास्त होईल.)

अवलिया

मला एक कळत नाही. जेवायला टेबल हवंय ना? आयकियातून आणा, बसा, जेवा. साठ वर्षं जुन्या लोखंडाला कशाला कवटाळायचं?

नोव्हीकर

अवलिया, खरं सांगू? घरमालकीण बाईंची मुलगी सेलच्या दिवशी तिथे होती. मी टेबल गाडीत चढवत असताना म्हणाली, आम्ही चौघी बहिणी ह्यावर गृहपाठ करायचो. आत्ता मला कळतंय की चौघी मावाव्यात म्हणून तिच्या वडिलांनीच तो मोठा टॉप केला असणार. तिला ईमेल केली. उत्तर आलं, "हो, बाबांनी गॅरेजमध्ये केला. आधीचा पांढराच होता, छोटा. आईने त्यावर इस्त्री ठेवली होती, फोड आला होता." तो पुढे गेला कचऱ्यात.

म्हणजे मूळ टॉप लॅमिनेटचा होता, हे तरी नक्की झालं. सौ.ला दाखवलं. संगमरवराचा हट्ट तिने आपणहून सोडला.

सुतारपक्षी

वा, ही ईमेल लेबलापेक्षा मोलाची आहे! छापून काढा आणि बेसच्या आत पाकिटात ठेवा.

आता असं करा. नोलच्या अधिकृत विक्रेत्याला फोन करून तुमच्या बेसच्या प्लेटचे मोजमाप आणि फोटो पाठवा, नवा टॉप जुन्या प्लेटवर बसतो का ते विचारा. दरम्यान जुन्या टॉपवर लक्ष ठेवा. बेसला तडा गेलेली टेबलं अधूनमधून विक्रीला येतात, त्यांचा टॉप चांगला असतो. ४२ इंची लॅमिनेट, खालून तिरकी धार आणि कडेचा रंग किंचित पिवळट, असा मिळाला तर उचला. तोवर ह्याच एमडीएफमधून सुताराकडून ४२ इंची गोल कापून घ्या, धार पण काढून घ्या. स्क्रू मात्र जुन्या झिजलेल्या भोकांतून घाला, नवी भोकं पाडू नका.

नोव्हीकर

कापून आणला. व्यास साडेबेचाळीस, धार पंचेचाळीस अंशांत, सुताराने पाऊण तासात केलं. उघड्या कडेला पांढरा रंग मीच मारला आणि एका जागी ओघळलाय, तो दिसतो. धाकटीला मुद्दाम लोंबकळायला लावलं (मी धरून होतो), पलीकडची बाजू हलली नाही. खालून पेन्सिलने लिहिलंय: 'हा टॉप आधी चौघी बहिणींच्या बाबांनी केला, मग नोव्हीत कापला', आणि तारीख.

कापून उरलेलं कडं फेकवत नाही. फौंड्रीवाला, त्याचं काही होईल का?

फौंड्रीवाला

बारक्या पोरांना खेळायला द्या की!